दुसऱ्या हाकेला

१

आमच्या आश्रमशाळेत दुपारी तीनला लाईट जाते ती साडेचारला येते, आणि माझा कॉम्प्युटरचा तास तीन ते चार. हे वेळापत्रक कोणी केलं, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. मुख्याध्यापक दिलवरसिंग सर म्हणाले, "मॅडम, शिकवायची हौस असली की लाईट लागत नाही." मी कंत्राटावरची बाई, वर्षावर्षाने नेमणूक वाढायची. अशा माणसाने मुख्याध्यापकांशी वाद घालू नये, एवढी अक्कल मला आहे.

मी ब्राह्मणपुरीहून रोज स्कूटीने म्हसावदमार्गे डोंगराच्या पायथ्याशी येते. शाळेत बारा कॉम्प्युटर आहेत, त्यातले पाच चालतात, आणि तीन वाजता तेही बंद पडतात. म्हणून मी प्रोग्रामिंग फळ्यावर शिकवायचं ठरवलं. एका मुलीला उभं करायचं आणि म्हणायचं, आजचा कॉम्प्युटर तू. फळ्यावर ओळी लिहायच्या आणि तिने त्या जशाच्या तशा करायच्या. "जर बादली रिकामी असेल तर नळाकडे जा, नाहीतर जागेवर बस." "जोपर्यंत खडू संपत नाही तोपर्यंत रेघ मार." मुली हसून हसून लोटपोट व्हायच्या. एकदा एक पोरगी भिंतीला जाऊन थडकली, कारण मी "चालत राहा" लिहिलं आणि कधी थांबायचं ते लिहिलंच नव्हतं. अट आणि फेरा, कॉम्प्युटरला या दोनच गोष्टी कळतात, असं मी त्यांना सांगायचे. त्याला डोकं नसतं, शंका नसते.

खोली शाळेच्या अगदी टोकाला आहे. फळा ज्या भिंतीवर आहे तिच्या पलीकडे जुन्या मोडक्या बाकांची कोठी, तिला बाहेरून कुलूप. कोठीला दुसरं दार नाही आणि खिडकीही नाही.

२

जानेवारीच्या शेवटी मी मुलींना म्हटलं, आज उदाहरण तुम्ही द्या. तुमच्या घरी अट आणि फेरा कुठे वापरतात?

आठवीतली रिना उठली. वर डोंगरातल्या पाड्याची, बारीक चणीची, फारसं न बोलणारी मुलगी. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जायचे ते होळीला परतायचे. ती म्हणाली, "मॅडम, बाहेरून हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. तीन होऊ द्यायच्या. मग ओ द्यायची."

"का बरं?"

"माणूस तीनदा मारतो," ती म्हणाली आणि बसली. बाकीच्या मुलींनी माना हलवल्या, त्यात काय विचारायचं असा चेहरा करून.

मला उदाहरण फार आवडलं. अट आहे, फेरा आहे, मोजणी आहे, एका दगडात तीन पक्षी! मी फळ्यावर लिहिलं. मोजणी एकपासून सुरू. जोपर्यंत मोजणी तीनपेक्षा कमी आहे तोपर्यंत: हाक ऐक, मोजणीत एक मिळव. फेरा संपला की ओ दे.

तेवढ्यात दिलवरसिंग सर प्रकल्प कार्यालयातल्या दोन पाहुण्यांना घेऊन दारात आले. "चालू द्या, चालू द्या." माझ्या नेमणुकीचा कागद याच पाहुण्यांच्या हातून पुढे जायचा होता. मी जरा जास्तच उत्साहात रिनाला कॉम्प्युटर केलं, कोपऱ्यात तोंड करून उभं केलं आणि हाक मारली.

"रिना!"

ती गप्प.

"रिना!"

"ओ," रिना म्हणाली.

वर्गात कुजबुज झाली. रिना वळली, तिचा चेहरा उतरला होता. "मॅडम, फळ्यावर दोनच होतात."

खरं सांगते, मला त्याच क्षणी कळलं. एकपासून मोजलं, पहिल्या हाकेला दोन झाले, दुसऱ्या हाकेला तीन झाले आणि फेरा संपला. शून्यापासून सुरू करायला हवं होतं. शिकाऊ पोरं करतात ती चूक मी केली होती, आणि दारात पाहुणे उभे होते.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "फळ्यावर जे लिहिलंय तेच बरोबर. कॉम्प्युटरने शंका घ्यायची नसते."

रिना बघत राहिली. मग तिने ते वहीत उतरवून घेतलं. सगळ्यांनीच घेतलं. उद्या सुधारू, असं मी मनात म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी मला दुसराच धडा घ्यायचा होता.

३

चार दिवसांनी मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत होते. आठवीची एक मुलगी पडदा सारून आली. "मॅडम, बोलावलंत?"

"नाही गं."

ती गेली. दुसऱ्या दिवशी आणखी एक आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघी एकदम. कुठून हाक मारली, असं विचारलं की त्या कॉम्प्युटरच्या खोलीकडे बोट दाखवायच्या. माझाच आवाज, म्हणायच्या. किती वेळा मारली? दोनदा.

मला राग आला. मी शाळेत असताना बाईंची नक्कल करण्यात पटाईत होते, त्यामुळे हा खेळ मला चांगला माहीत आहे. कोणीतरी माझा आवाज काढतंय आणि बाकीच्या साथ देतायत. कोण असेल? मी नक्कल करू शकतील अशा पाच मुलींची यादी केली आणि पाचही जणींना आठवडाभर प्रत्येक तासाला पहिल्या बाकावर बसवलं. हाका थांबल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. चेष्टा करणारी पोरं चेष्टा वाढवत नेतात. आज दोनदा, उद्या चारदा, परवा गाणं म्हणतील. इथे कुणालाही विचारा, दोनदाच. फळ्याबरहुकूम.

४

तो मंगळवार होता. लाईट गेलेली. मी फळ्याकडे तोंड करून एक मोठी आकृती काढत होते, चौकटी, बाण, पुन्हा वर जाणारा बाण. वर्ग शांत होता. मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता, याची मी आजही शपथ घेईन.

"ओ," मागून रिना म्हणाली.

मी वळले. "काय गं?"

"दोन झाल्या ना," ती म्हणाली.

"मी कुठे हाक मारली?"

रिनाने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे फळ्याकडे पाहिलं. मी हसले. पोरी पण हसल्या. मग मी पुन्हा आकृतीकडे वळले. ते हसणं मला आता सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकीण वत्सलाबाई पदराला हात पुसत माझ्याकडे आल्या. "मॅडम, जरा चाला बरं हापशावर. ती पोर हापसीच ऱ्हायनी."

रिना हापसा मारत होती. खालचा हंडा भरून वाहत होता, पाणी पार बाभळीपर्यंत गेलं होतं आणि तिच्या चपला चिखलात रुतल्या होत्या. हात वर, हात खाली. दमल्याचं काही चिन्ह नाही.

"हंडा कवयना भरी गया," वत्सलाबाई म्हणाल्या. "मी तिले म्हनं, पानी हापस. आते काय, भरना का थांब, हाई बी सांगनं पडस का?"

"रिना, थांब," मी म्हटलं.

ती थांबली. त्या क्षणी, हात अर्धवट वर असतानाच.

पोर दमली असेल, रक्त कमी असेल, घरची आठवण येत असेल. मी स्वतःला सगळी कारणं दिली आणि ती सगळी पटण्यासारखी होती. नर्सबाईंनी तपासलं, गोळ्या दिल्या. ताप नव्हता. आणि अभ्यासात तर ती एकदम पुढे गेली. पूर्वी फळ्यावरची ओळ वाचताना अडखळायची, आता मी लिहून संपवायच्या आत उत्तर द्यायची, एकही चूक नाही. दिलवरसिंग सर खूश झाले. "बघा मॅडम, डोंगरातली पोरगी! हे तुमचं यश." माझा नेमणुकीचा कागद पुढे गेल्याचंही त्यांनी त्याच दमात सांगितलं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण ती मला कधी प्रश्न विचारत नव्हती. आणि बाकीच्या मुली तिच्या बाकावर बसत नव्हत्या.

५

माझा पुढचा संशय शिपाई गिरधरवर गेला. कोठीची किल्ली त्याच्याकडे असते आणि त्याच्या मोबाईलमध्ये काय वाटेल ते भरलेलं असतं. कोणाचाही आवाज भरून घेऊन वाजवणं आजकाल काय अवघड आहे? मी त्याला व्हरांड्यात गाठलं आणि सरळच विचारलं.

त्याला वाईट वाटलं. "ताई, मन्हावर वहीम लेतस तुम्ही? वीस वरीस व्हई गयात माले आठे. पोरेस्ले मी कधी हाक मारस का? मी घंटा मारस."

"मग आवाज कुणाचा शे?"

"तुम्हनाच शे." तो खाली बघत बोलला. "मी बी ऐकेल शे. तुम्ही वर्गमा उभ्या व्हत्यात, खिडकीमातीन दिखी ऱ्हायन्यात, तोंड बंद. अनं आवाज मांगेतीन उना, कोठीमातीन."

"मंग माले काबर नही सांगं?"

"सांगीसन काय करतु? तुम्ही शिकेल बाई. हसत्यात माले."

मी त्याला कोठी उघडायला लावली. दुपारचे अडीच वाजले होते, लख्ख ऊन होतं. दार करकरलं. आत बाकांचे ढीग, कोळिष्टकं, उंदरांचा वास. मोबाईल नाही, स्पीकर नाही, भिंतीला भोक नाही. बाकांमधून एक अरुंद वाट भिंतीपर्यंत गेली होती, आणि भिंतीपाशी, फळ्याच्या बरोबर मागे, जाड धुळीत दोन पावलं उमटलेली होती. लहान, अनवाणी, शेजारी शेजारी, भिंतीकडे तोंड करून. तिथपर्यंत जाणारी पावलं नव्हती. परत येणारीही नव्हती.

"जुनी असतील," मी म्हटलं. गिरधरने कुलूप लावलं, आणि आम्ही दहा पावलं चाललो असू तोच मागून स्वच्छ माझा आवाज आला. मी पाहुण्यांसमोर काढला होता तो, जरा जास्तच उत्साहातला.

"रिना!"

गिरधरने माझा हात घट्ट धरला. कंत्राटी असले तरी मी बाई, एरवी त्याने कधी असं केलं नसतं.

"रिना!"

मग काही नाही. गिरधर ओठ हलवत तिसरीची वाट बघत होता. मी पण.

६

त्याच दिवशी तासाला मी हाकेच्या त्या ओळी फळ्यावर पुन्हा लिहिल्या आणि एक खोडून शून्य केला. मुलींना सांगितलं, त्या दिवशी माझी चूक झाली होती, सगळ्यांनी वह्या काढा आणि सुधारा. एवढं सोपं होतं ते! महिनाभर जे माझ्या तोंडून निघत नव्हतं ते अर्ध्या मिनिटात झालं. मुलींनी भराभर खोडलं. त्यांचे चेहरे मोकळे झालेले मला दिसले, आणि त्या दिवसापासून कोणतीही मुलगी "बोलावलंत का" म्हणून माझ्याकडे आली नाही.

रिनाने पण सुधारलं. मी सांगितलं होतं ना.

चार वाजता मी तिला एकटीला थांबवून घेतलं. माझ्या मनात एक वेडगळ विचार आला होता आणि तो बोलून दाखवायची मला लाज वाटत होती. तिला दोन हाका आल्या, तिने ओ दिली आणि खरी रिना त्या हाकेमागे निघून गेली. म्हणजे एक हाक राहिली आहे. ती मी मारली तर?

"रिना," मी म्हटलं.

"ओ," ती लगेच म्हणाली.

आणि तो आवाज मला दोन ठिकाणांहून ऐकू आला. एक समोरून, सपाट. दुसरा फळ्यामागून, लांबून आल्यासारखा, जरा कापरा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, मी म्हटलं. खोलीत बारा कॉम्प्युटर, बाकांच्या रांगा आणि कापडी पडदे होते.

मी पुन्हा हाक मारली नाही. भीती वाटली म्हणून नाही मारली, हे मी कबूल करते. त्या कापऱ्या आवाजात रडू होतं.

७

होळीच्या आठ दिवस आधी आईबाप मुलींना न्यायला येऊ लागतात. शाळेच्या फाटकात जीपा उभ्या राहतात, पिशव्या, बोचकी, गुजरातेतून आणलेल्या बांगड्या. शाळेचा नियम असा की पालकाने वर्गाच्या दारात यायचं, मुलीला ओळखायचं, सही किंवा अंगठा द्यायचा आणि मग न्यायचं.

रिनाची आई कमलीबाई तीन वाजून गेल्यावर आली. उन्हाने रापलेली, पायांना उसाच्या पात्यांचे चरे. हातात नवी चुनरी होती. रिना माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसली होती. वर्गात तेव्हा आम्ही दोघीच होतो आणि गिरधर रजिस्टर घेऊन दारात उभा होता.

मी म्हटलं, "या, ही बघा तुमची रिना. पहिली आली वर्गात."

कमलीबाई हसली नाही. तिने मुलीकडे पाहिलं, बराच वेळ. मग ती एक पाऊल मागे सरली आणि गिरधरला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. वीस वर्षांत गिरधरला ती बोली येऊ लागली आहे.

"काय म्हणते?"

गिरधरने ओठांवरून जीभ फिरवली. "म्हनस, हाई मन्ही नही."

"असं कसं? तिला सांग, चार महिन्यांत पोर वाढते." माझा आवाज चढला होता. "रिना, आई आली बघ. ऊठ."

रिना उठली.

कमलीबाईने तिच्याकडे पाठ फिरवली. दारात उभं राहून, रिकाम्या मैदानाकडे तोंड करून, तिने लेकीला हाक मारली. एक. थांबली. दोन. थांबली. तीन.

"ओ!" फळ्यामागून आवाज आला. लहान, कापरा, रडवेला.

बाई पळाली. व्हरांड्याला वळसा घालून कोठीकडे गेली, तिच्या मागे किल्ली शोधत गिरधर. कुलूप पडल्याचा आवाज, दार करकरल्याचा आवाज, बाक सरकवल्याचा आवाज. मग पुन्हा तीन हाका, आता भिंतीला अगदी लागून. आणि ओ, पण आता कोठीच्या पलीकडून, बाहेरून. ती बाहेर धावली. तीन हाका. ओ, पुन्हा आतून. ती पुन्हा आत. जोपर्यंत सापडत नाही तोपर्यंत हाक मार. किती वेळ चाललं कोण जाणे. तिचा आवाज बसत चालला होता तरी ती थांबत नव्हती, आणि उत्तर दर वेळी येत होतं, म्हणून ती थांबणारच नव्हती.

मी वर्गातच होते. मी समोरच्या मुलीकडे पाहत राहिले, आणि तेव्हा मला ते दिसलं. भिंतीमागून ओ येताना तिचा गळा हलत होता. ओठ बंद, चेहरा शांत, पण गळा हलायचा. पुढच्या ओला पुन्हा हलला. त्याच्या पुढच्या ओला पुन्हा.

सापडली! माझ्या अंगातून अशी काही लाट गेली की काय सांगू. एवढ्या दिवसांचा संशय, ती पाच पोरींची यादी, गिरधरचा मोबाईल, सगळं खोटं आणि ही खरी. हीच आवाज काढतेय. हिनेच माझी नक्कल केली, आता स्वतःच्या आईचे हाल करतेय. मला इतका राग आला आणि इतकं हलकं वाटलं, की मी पुढे होऊन तिचे दोन्ही खांदे धरले.

"थांब!" मी ओरडले. "बंद कर! एकदम बंद!"

"हो मॅडम," रिना म्हणाली. गळा हलायचा थांबला.

पलीकडे कमलीबाईने हाक मारली. एक. दोन. तीन.

काही नाही आलं.

तिने पुन्हा मारली. मी मोजल्या, तीनही पूर्ण होत्या. त्यानंतर इतकी शांतता की गिरधरच्या हातातल्या किल्ल्या वाजलेल्या मला भिंतीतून ऐकू आल्या. आईला वाटलं असेल, आवाज पोचला नाही. तिने घसा खाकरला आणि अजून मोठ्याने हाक मारली.

माझे हात मुलीच्या खांद्यांवरच होते. बंद कर, असं सांगून मी भिंतीमागचीलाच गप्प केलं होतं. "रिना," मी म्हटलं, "बाळा, परत कर. ओ दे. जशी देत होतीस तशीच दे."

"ओ," ती म्हणाली. समोरून, सपाट, तिच्या तोंडातून आणि फक्त तिथूनच.

"अजून. पुन्हा दे."

"ओ," ती म्हणाली. "ओ. ओ. ओ."

भिंतीपलीकडच्या बाईने तिकडे लक्षही दिलं नाही.